फादर दिब्रिटो आणि नाबोथाचा मळा

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबादला भरणाऱ्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली ती सप्टेंबर २०१९मध्ये. त्यानंतर संमेलन पार पडेपर्यंत जी चर्चा झाली तिला दोन बाजू होत्या. चर्चच्या सेवेत आयुष्य काढलेल्या माणसाला मराठी साहित्याच्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावर बसवणे गैर आहे, असे एका बाजूचे म्हणणे. ते फादर आहेत हे बाजूला ठेवा आणि त्यांचे साहित्य पाहा, असे दुसऱ्या बाजूचे. दुसरी बाजू उदार होती आणि विरोधाचा सूर चढलेला असताना ती उघडपणे घेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासता मान्य केली होती. धर्मगुरूचे काम वेगळे, लेखकाचे काम वेगळे. दिब्रिटो पहिले काम करत असूनही दुसरे त्यांना जमले, अशी ती समजूत. मला ती मुळातच चुकीची वाटते. दिब्रिटोंचे लेखन त्यांच्या धर्मगुरूपणातून सोडवून घेता येत नाही आणि तसे घेण्याची गरजही नाही. ते ज्या प्रकारचे लेखक झाले, त्या प्रकारचा लेखक धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, सेवेतूनच घडतो. त्यांच्या गद्याचे गुण त्या सेवेतून आले आणि मर्यादाही तिथूनच आल्या.

हे पटवून घ्यायचे तर कॅथलिक धर्मगुरूचे रविवारचे काम जरा जवळून पाहावे लागते. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेत, बायबलचे कोणते उतारे वाचायचे हे फादर स्वतः ठरवत नाहीत. पहिले वाचन बहुधा जुन्या करारातले, त्यानंतर स्तोत्र, मग दुसरे वाचन प्रेषितांच्या पत्रांतले आणि शेवटी शुभवर्तमान, असा क्रम असतो. १९६९पासून हे उतारे तीन वर्षांच्या चक्रात बसवलेले आहेत. एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहानाचे शुभवर्तमान तिन्ही वर्षांत वाटून दिलेले. शुभवर्तमान वाचून झाले की फादरांनी त्यावर बोलायचे. वेळ थोडा असतो आणि समोरची माणसे उठून जाऊ शकत नाहीत, पण ऐकणे मात्र केव्हाही थांबवू शकतात. त्यांत वाडीत पहाटेपासून राबलेला बागायतदार असतो, फुले घेऊन दादरच्या बाजारात जाणारी बाई असते, निवृत्त मुख्याध्यापक असतात, परीक्षेच्या काळजीतला मुलगा असतो आणि त्याच आठवड्यात घरातले माणूस गेलेले कुटुंबही असते. या सगळ्यांना एकाच वेळी कळेल आणि एकालाही खोटे वाटणार नाही, असे बोलायचे. तीन वर्षांनी तोच उतारा परत येतो आणि समोर बहुतेक तीच माणसे बसलेली असतात. गेल्या वेळचेच पुन्हा सांगितले तर ते लोकांच्या लक्षात येते. विद्यापीठातल्या व्याख्यात्यासमोर दर वर्षी नवे विद्यार्थी येतात. कादंबरीकाराला त्याचा वाचक बहुतेक वेळा दिसतही नाही. धर्मगुरूला मात्र त्याच माणसांना, त्याच मजकुराविषयी, जन्मभर नव्याने सांगावे लागते. गद्य घडवणारी इतकी कडक तालीम मराठीत कीर्तनकाराखेरीज आणखी कोणाला मिळत असेल असे मला वाटत नाही.

दिब्रिटोंच्या पिढीसाठी या तालमीत आणखी एक गोष्ट होती. त्यांचा जन्म ४ डिसेंबर १९४२चा, वसई तालुक्यातल्या नंदाखालचा. ते लहान असताना चर्चमधली मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली, शाळेत मराठी आणि वेदीवर लॅटिन, असे त्या गावांतल्या ख्रिस्ती माणसाचे जगणे विभागलेले होते. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि उपासना लोकांच्या भाषेत करायला तिने मोकळीक दिली. दिब्रिटोंनी धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली १९७२ साली, म्हणजे वसईच्या चर्चमध्ये मराठी नुकती रुळू लागली होती तेव्हा. देवाशी मराठीत कसे बोलायचे हा प्रश्न त्या पिढीपुढे रोजचा होता. प्रार्थना मराठीत हव्या होत्या, गीते मराठीत हवी होती, आणि पोर्तुगिजांनी १७३९मध्ये वसई सोडल्यावरही इथेच राहिलेल्या, मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाला आपल्या श्रद्धेची मांडणीही मराठीतच हवी होती. याच वसईतून पुढे आलेले आणि १९९८मध्ये स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप झालेले थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला होता. आपण ज्या भाषेत देवाला हाक मारणार, त्या भाषेने आधीच देवाला कशी हाक मारली आहे, हे समजून घेण्याची गरज या मंडळींना मनापासून वाटत होती. दिब्रिटो संतसाहित्याकडे गेले ते याच गरजेतून. त्याला सर्वधर्मसमभावाचा देखावा म्हणणारे या इतिहासाकडे पाहत नाहीत.

१९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षे दिब्रिटो ‘सुवार्ता’ या मासिकाचे संपादक होते. धर्मप्रांताचे मासिक म्हटले की फेस्ताच्या बातम्या, बिशपांचे पत्र आणि स्मरणांजली एवढेच डोळ्यांपुढे येते. दिब्रिटोंनी ते मासिक त्या कुंपणाबाहेर आणले. पाणी, जमीन, स्त्रियांचे प्रश्न, साहित्य, राजकारण असे विषय त्यात आले आणि ख्रिस्ती नसलेले लेखकही त्यात लिहू लागले. दर महिन्याला अंक काढणारा संपादक आणि दर रविवारी बोलणारा धर्मगुरू एकाच माणसात असले की भाषेवर दोन्हीकडून दाब येतो. बोलण्याने वाक्य लहान आणि ऐकू येण्याजोगे होते. छापण्याने ते जबाबदार होते, कारण छापलेले परत घेता येत नाही. दिब्रिटोंच्या गद्यातला सुबोधपणा मला या दोन दाबांतून आलेला दिसतो. त्याला साधेपणाची आवड म्हणणे अपुरे आहे.

मराठीला हे नवीन नव्हते. गोव्यात १५७९ साली आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६मध्ये रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ कसा जन्मला हे त्यांनी त्यातच सांगून ठेवले आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या एका माणसाने त्यांना विचारले, की आमची पुराणे तुम्ही सोडायला लावलीत, मग आमच्या भाषेत आम्ही वाचायचे काय? ग्रंथामागे श्रोत्याची तक्रार आहे. स्टीफन्सनी ती रास्त मानली आणि ओवी हाती घेतली. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७चे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून त्याचे नाव घेतले जाते. पुढे धर्मोपदेशक म्हणून काम केलेल्या पदमनजींनी ती हिंदू विधवांच्या हालअपेष्टांवर लिहिली. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५मध्ये ख्रिस्ती झाले. तेव्हा मराठी ख्रिस्ती मंडळ्या पाश्चात्त्य चालींवर बसवलेली गीते म्हणत असत. टिळकांनी त्यांच्या हाती अभंग आणि भजन दिले, कीर्तन दिले. पंडिता रमाबाई धर्मगुरू नव्हत्या, पण केडगावच्या मुक्ती सदनात शिकणाऱ्या सामान्य बायकांना समजावे म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल साध्या मराठीत आणले. मरणापर्यंत त्या कामात गुंतलेल्या रमाबाई १९२२मध्ये गेल्या आणि ते बायबल १९२४ला प्रसिद्ध झाले. या चौघांच्या पंथांत, काळांत आणि स्वभावांत मोठे अंतर आहे. समान आहे ते एवढेच, की प्रत्येकासमोर न समजल्यामुळे अडलेला श्रोता प्रत्यक्ष बसलेला होता. राजहंस प्रकाशनाने प्रसिद्ध केलेले, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले दिब्रिटोंचे ‘सुबोध बायबल’ याच ओळीत येते.

पण श्रोता समोर असण्याचा सगळ्यात कठीण भाग अजून सांगायचा आहे. त्यासाठी जुन्या करारातली एक गोष्ट घेतो. ती राजांच्या पहिल्या पुस्तकात, एकविसाव्या अध्यायात आहे. अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीचा मळा करायचा होता. राजाने रास्त बोलणे लावले, हे मुद्दाम लक्षात घेण्याजोगे आहे: याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख पैसे घे. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांपासून आलेली जमीन मी देणार नाही. राजा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, जेवेना. मग राणी ईजबेलने सूत्रे हाती घेतली. तिने राजाच्या शिक्क्यानिशी गावच्या वडीलधाऱ्यांना पत्रे पाठवली, दोन खोटे साक्षीदार उभे करायला लावले, आणि देवाची व राजाची निंदा केल्याच्या आरोपाखाली नाबोथाला दगडांनी ठेचून मारण्यात आले. सगळे कागदोपत्री नीट झाले. राजा मळ्याचा ताबा घ्यायला गेला आणि तिथे एलीया संदेष्टा त्याच्या आडवा आला.

ही गोष्ट १९९०च्या आसपासच्या वसईत वाचली तर कशी ऐकू येईल याचा विचार करावा. केळीच्या, पानवेलींच्या, फुलांच्या आणि भाजीच्या वाड्यांचा तो पट्टा. वसई-विरारची जमीन बांधकामासाठी खुली झाली आणि मुंबईत न मावणाऱ्या लोकांसाठी इमारतींच्या रांगा उभ्या राहू लागल्या. बावखले, म्हणजे गावातली तळी, बुजवली जाऊ लागली. विहिरींचे गोडे पाणी टँकरने उपसून नव्या इमारतींना जाऊ लागले. इतके उपसल्यावर समुद्राजवळच्या जमिनीत जे होते तेच झाले: खारे पाणी आत सरकले. ज्यांना जमीन विकायची नव्हती त्यांच्यावर दहशत होती. त्या गावांतल्या चर्चमध्ये बसलेल्या शेतकऱ्यांपुढे नाबोथाची गोष्ट मराठीत सांगायची आणि मग शांतपणे पुढच्या प्रार्थनेकडे वळायचे, हे कोणाला जमले असते? एखाद्याला जमलेही असते, पुष्कळांना जमते. दिब्रिटोंना जमले नाही. हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात ते पुढे झाले, मोर्चांत चालले, सभांतून बोलले, ‘सुवार्ता’तून लिहिले. गुंडगिरी आणि सत्ता यांची हातमिळवणी झालेली असताना त्यांनी हे केले. त्यांच्या आयुष्याचे वर्णन करताना धर्मगुरू, साहित्यिक, पर्यावरण-कार्यकर्ते अशी तीन बिरुदे ओळीने लावण्याची रीत पडली आहे. मला ती खटकते, कारण तिच्यामुळे एकाच कामाचे तीन छंद झाल्यासारखे वाटते. ज्या माणसाने एक मजकूर लोकांना समजेल अशा भाषेत आणला, त्याला तो मजकूर लोकांना समजल्यानंतर काय होते यालाही तोंड द्यावे लागते. सुबोध करणे ही त्यामुळे जोखमीची गोष्ट असते. लॅटिनमधला नाबोथ वसईत कोणाला त्रास देत नव्हता.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप प्रचाराचा. धर्मगुरूचे लेखन शेवटी आपल्या धर्माकडे माणसे ओढण्यासाठीच असते, असे संमेलनाच्या वेळी जाहीरपणे म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते. या आक्षेपामागे असलेली इतिहासाची आठवण मी खोटी म्हणणार नाही. पोर्तुगीज सत्तेखाली गोव्यात आणि वसईच्या प्रदेशात देवळे पाडली गेली, सक्ती झाली, आणि इन्क्विझिशनने माणसांना छळले. ही जखम खरी आहे आणि ख्रिस्ती लेखकाने तिच्याबद्दल बोलायचे टाळले तर त्याला जाब विचारणेही योग्यच. पण आक्षेप दिब्रिटोंच्या पुस्तकांवर घ्यायचा असेल तर पुरावा त्या पुस्तकांतूनच द्यावा लागेल. ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ हे त्यांचे पुस्तक पाहा. ख्रिस्ती धर्मगुरू पवित्र भूमीविषयी लिहितो आहे म्हटल्यावर यात्रेचे भक्तिमय वर्णन अपेक्षित असते. दिब्रिटोंनी विषय घेतला तो इस्रायल आणि पॅलेस्टाईन यांच्या संघर्षाचा. त्या भूमीवर ज्यू आणि अरब या दोघांचेही हक्क आणि दोघांचीही दुःखे आहेत, आणि ख्रिस्ती लोक तिथे आज अगदी थोडे आहेत. ख्रिस्ताच्या जन्मभूमीविषयी लिहिताना दुसऱ्यांच्या भांडणात शिरून दोघांचे ऐकणारा माणूस प्रचारकाच्या व्याख्येत कसा बसवायचा, हे आक्षेप घेणाऱ्यांनी सांगावे.

शिवाय एखाद्या श्रद्धेतून लिहिणे म्हणजे प्रचार असे ठरवले तर मराठी साहित्याचा पाया कशाचा उरतो? ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे आणि ती समोर बसलेल्या श्रोत्यांना उद्देशून सांगितलेली आहे. तिच्यात श्रोत्यांशी बोलणे पदोपदी येते. एकनाथ, तुकाराम हे सगळे श्रद्धेने बोलणारे आणि ऐकणाऱ्याने बदलावे अशी उघड इच्छा धरणारे लेखक. महानुभावांचे गद्य पंथासाठीच लिहिले गेले आणि तेच आपल्या गद्याचे आद्य वैभव आहे. या सगळ्यांना साहित्य म्हणायचे आणि ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेला मात्र हेतू म्हणायचे, हा न्याय नव्हे. टिळकांच्या बाबतीत मराठी वाचकाने असा भेद केला नाही. ‘केवढे हे क्रौर्य’ शाळेत पाठ करणाऱ्या मुलांच्या पिढ्यांना त्या पक्ष्याच्या दुःखापाशी थांबताना कवीचा धर्म आठवला नाही. तो मोकळेपणा आपल्याकडे होता. तो कमी झाला असेल तर त्याची काळजी सगळ्यांनीच करायला हवी.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे आणि तो श्रद्धा नसलेल्या वाचकाकडून येतो. कॅथलिक धर्मगुरू आज्ञापालनाला बांधलेला असतो. बायबलचे भाषांतर प्रसिद्ध करायचे तर चर्चच्या अधिकाऱ्यांची मान्यता लागते, असा त्यांचा कायदाच आहे. ज्याच्या लिहिण्यावर अशी देखरेख आहे, ज्याला ठराविक निष्कर्षाच्या पलीकडे जाताच येत नाही, त्याच्या विचाराला मोकळा विचार कसे म्हणायचे? हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. दिब्रिटोंनी आपल्या चर्चच्या मूळ सिद्धांतांना आव्हान दिले नाही. ते बंडखोर नव्हते, आणि त्यांना तसे रंगवण्याचा जो प्रयत्न अधूनमधून होतो तो त्यांच्यावर अन्याय करणारा आहे. ते शेवटपर्यंत आपल्या संस्थेतच राहिले. पण लेखकाचे स्वातंत्र्य त्याने काय नाकारले यावरून जसे मोजता येते, तसेच जे स्वीकारले त्याची किंमत मोजायला तो तयार होता का यावरूनही मोजता येते. शेजाऱ्यावर प्रेम करा हे वाक्य मान्य करायला काहीच लागत नाही. त्याचा अर्थ शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी वाचवणे असा लावला की माणसे दाराशी येतात. बांधलेपणाचा प्रश्न आपण सोयीने विचारतो, हेही खरे. विद्यापीठाच्या, वर्तमानपत्राच्या, पक्षाच्या, अनुदानाच्या बांधिलकीत लिहिणारे कमी नाहीत, आणि त्यांच्या बांधिलकीचा कागद लिहून कुठे टांगलेला नसतो. धर्मगुरूची बांधिलकी सगळ्यांना ठाऊक असते. वाचक ती लक्षात घेऊनच वाचतो. या उघडेपणाला मी लेखकाचा दोष मानत नाही.

तिसरा आक्षेप कलेचा आहे, आणि इथे दिब्रिटोंच्या चाहत्यांनी हात आखडता घेऊ नये. त्यांचे गद्य नेहमीच उंचीवर राहत नाही. ललित लेखांत कधी कधी विचार पुरता फुलायच्या आतच बोध हाती येतो. चांगुलपणावरचा विश्वास इतका पक्का असतो की वाईटाच्या आत शिरून पाहायला लेख थांबत नाही. प्रवचनाची ही सवय आहे: वेळ संपत आलेला असतो आणि ऐकणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवायचे नसते. कादंबरीकार किंवा कवी वाचकाला रिकाम्या हाताने पाठवायला भीत नाही, आणि मोठे साहित्य पुष्कळदा तसेच घडते. हे कबूल करूनही मला वाटते, की आपण कलेचे माप फार अरुंद करून ठेवले आहे. ‘ओॲसिसच्या शोधात’ किंवा ‘नाही मी एकला’ हे आत्मचरित्र यांची तुलना अभिजात ललित गद्याशी करून गुण देण्यापेक्षा, अनुवाद आणि निरूपण या जुन्या मराठी कामांचे निकष लावले तर दिब्रिटोंची उंची नीट दिसते. हजारो वर्षांपूर्वीचा, वाळवंटातल्या आणि मेंढपाळांच्या जगातला, हिब्रू आणि ग्रीकमधला मजकूर आजच्या मराठी माणसाला परका वाटू नये आणि तरीही त्याचे वेगळेपण पुसले जाऊ नये, हे साधणे ही मोठी कला आहे. शब्दाला शब्द लावून ती साधत नाही, नुसत्या भावार्थानेही नाही. त्यासाठी एकीकडे पुरातत्त्व, भूगोल, ज्यू चालीरीती यांचा अभ्यास लागतो आणि दुसरीकडे कोणत्या वाक्याला श्रोत्याच्या कपाळावर आठी पडते हे माहीत असावे लागते. पहिली गोष्ट ग्रंथालयात मिळते. दुसरी मिळवायला लग्ने लावावी लागतात, मयतांना जावे लागते, पापनिवेदने ऐकावी लागतात. अनुवादकाच्या या दुसऱ्या शिक्षणाबद्दल आपल्या समीक्षेत फारसे लिहिले गेलेले नाही.

चर्चच्या आतून येणारी एक कुरकुरही लक्षात घ्यायला हवी. धर्मगुरूने वेदी सांभाळावी, साहित्य संमेलने आणि मोर्चे त्याचे नव्हेत, असे मानणारे भाविक प्रत्येक धर्मात असतात. त्यांची भीती खोटी नाही. व्यासपीठाची चटक लागून मूळ कामाकडे पाठ फिरवणारे धर्मगुरू आपण सगळ्याच धर्मांत पाहतो. दिब्रिटोंच्या बाबतीत उत्तर त्यांच्या पुस्तकांच्या यादीतच आहे. ‘ख्रिस्ताची गोष्ट’, ‘मुलांचे बायबल’, मदर तेरेसांवरचे ‘आनंदाचे अंतरंग’: यांतले काहीही प्रसिद्धीच्या हव्यासाने लिहिले जात नाही. मुलांसाठी लिहिणे तर मराठीत कमी प्रतिष्ठेचेच काम समजले जाते. बाहेरच्या व्यासपीठावर गेले तेव्हाही ते वेदीवरचीच भाषा घेऊन गेले. जानेवारी २०२०मध्ये प्रकृती साथ देत नसतानाही ते उस्मानाबादला पोहोचले. मराठी शाळांची स्थिती, देशात वाढणारी हिंसा आणि विचारस्वातंत्र्य यांवर ते तिथे बोलले. त्यांना विरोध करणाऱ्यांविषयी कडवटपणा त्यांच्या बोलण्यात आला नाही. मला हे त्यांच्या साहित्यिक कर्तृत्वाचाच भाग वाटते, कारण राग आलेला असताना वाक्य सांभाळणे हे लेखकाचेच कौशल्य आहे.

फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी वसईत गेले. श्रद्धांजलीचे लेख भरपूर आले, आणि त्यांत त्यांच्या नम्रतेचे, हरित वसईचे, संमेलनाचे वर्णन होते. पुस्तकांवर मात्र त्यांत थोडेच होते. मराठी विभागांतल्या अध्यापकांना माझी विनंती आहे, की अनुवादाच्या आणि गद्याच्या अभ्यासक्रमात ‘सुबोध बायबल’मधला एखादा भाग घ्या. रमाबाईंच्या बायबलातला तोच भाग त्याच्याशेजारी ठेवा. विद्यार्थ्यांना शंभर वर्षांतली मराठी कशी सरकली हेही त्यात दिसेल. ‘सुवार्ता’च्या त्या चोवीस वर्षांच्या अंकांवर नियतकालिकांच्या अभ्यासकांनी काम करावे; वसईचा पाण्याचा आणि जमिनीचा इतिहास लिहायचा झाला तर ते अंक लागतील. आणि ज्या वाचकाला धर्मग्रंथ म्हणून बायबल हाती घ्यायचे नाही, त्याने ‘सुबोध बायबल’ पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नये. तसे घेतलेले बहुतेक जण वंशावळींपाशी थांबतात. आधी रूथची गोष्ट काढावी. नवरा गमावून परक्या मुलखात आलेली सून, एकटी पडलेली सासू, सुगीच्या शेतात मागे राहिलेली कणसे वेचून भरलेले पोट, एवढीच ती आहे. चार छोटे अध्याय, एका बैठकीत संपतात. त्यानंतर नाबोथाचा अध्याय वाचावा, मग शुभवर्तमानांकडे यावे.